वरच्या काकूंचं सामान

वर पुन्हा धाडकन आवाज झाला आणि तिनं पाळण्यातून बाळाला उचललं. एका पायात चप्पल, खांद्यावर ओलं दुपटं, अशी ती धावत जिना उतरली. खाली अंगणात दुसरं कुणीच उतरलं नव्हतं. फाटकाजवळचं कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. इस्त्रीवाल्यानं टेबलावरच्या पेल्याकडे बोट दाखवलं. "वहिनी, पाणी तरी हललंय का बघा. भूकंप नाही हा. तुमच्या वरच्या काकू आहेत."

नुकतंच झोपलेलं बाळ गळा काढून रडायला लागलं.

वरच्या काकू म्हणजे एकटा जीव, पण आवाज पलटणीचा. तिचा नवरा त्यांना रणगाडा म्हणायचा. खरा भूकंप झाला तेव्हासुद्धा तिला आधी वाटलं, काकूच काहीतरी ओढतायत. छताला ठोकायला तिनं झाडू उचलला, तोच भिंतीवरचं घड्याळ पायाशी येऊन फुटलं. पलीकडची गल्ली त्या दिवशी जमीनदोस्त झाली. यांच्या इमारतीचं भेगांवर निभावलं. इंजिनियर भिंतींवर टकटक करून गेला. राहा म्हणाला, फक्त भेगा बुजेपर्यंत मधल्या खोलीत जड सामान ठेवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापली कपाटं होती तिथेच ठेवली.

जमीन अजून अधूनमधून हादरायची. तिचा जीव टांगणीला लागलेला. त्यात बाळाचा डोळा लागला रे लागला की वर ही धडधड. नवरा दिवसभर तुटलेल्या विजेच्या तारा जोडत फिरायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे. जाऊ दे म्हणायला त्याचं काय जातंय? लेकरू छातीशी धरून जिने उतरायला तो थोडाच होता.

आज मात्र ती स्वतःच्या दाराशी थांबलीच नाही. रडतं बाळ कडेवर घेऊन तडक वर गेली. काय काय सुनावायचं ते जिन्यातच जुळवलं होतं.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोखंडी कपाट, पलंग, शिवणयंत्र, सगळं एकमेकांवर रेललेलं, आणि त्याच्या बेचक्यात काकूंचं अंथरूण. मधली खोली पार मोकळी. पलीकडच्या भिंतीशी एका ट्रंकेवर बसून काकू धापा टाकत होत्या.

"काकू, काय चालवलंय हे? पोराला घडीभर झोप नाही तुमच्यापायी."

"झोप?" काकू गोंधळल्या. "अगं, तो गप्प झाला की मला वाटतं, तुम्ही बाहेर गेलात. तेवढ्यात सरकवून घेते. तो खाली असताना कशी ओढू?" त्यांनी खोलीच्या मध्यावर बोट दाखवलं. "त्याचं रडणं बरोबर तिथून येतं. ही ट्रंक तेवढी राहिलीय."



बाळानं काकूंकडे हात पसरले. त्या कंबर धरून उठल्या आणि त्याला घ्यायला आल्या. खाली पाळणा रिकामा होता. तरी त्या भिंतीच्या कडेकडेनं, पूर्ण वळसा घालून आल्या.