काजळीची पट्टी

हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, भरून झाली की पहिला घास थोरल्या माणसाचा, तोवर बाकीच्यांनी जेवणाच्या काड्यांना हातही लावायचा नाही. सोल्मीनं किमचीसोबत खायच्या कच्च्या कालवांचं पाणी प्रयोगशाळेत स्वतः बनवलेल्या कार्बनच्या काळ्या पट्टीवर टाकलं. पट्टीवरचा हिरवा दिवा म्हणजे खुशाल खा, लाल म्हणजे जंतू, हे तिनं सकाळीच सगळ्यांना समजावलं होतं. दिवा लाल झाला. ती तोंड उघडणार, तोच सासू जावांदेखत कडाडली, "पोटातलं पोर गेलं तेव्हा कुठं मेली होती तुझी काजळी?" जावा खुदखुदल्या. सोल्मीनं पट्टी मुठीत आवळली. "कालवं स्वच्छ आहेत, आई. पहिला घास तुमचा." सासूनं कोबीच्या पानात सगळ्यात मोठं कालव गुंडाळलं आणि सोल्मीच्याच तोंडाशी धरलं. "आज मान तुझा, सूनबाई. आ कर." सासूची नजर सोल्मीच्या मुठीवर होती; बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपत होता.