न विचारलेला चहा

वागिमानने सुमिराबाईंसमोर चहा ठेवला आणि ‘घ्या’ म्हणायचं मुद्दाम टाळलं. जावामधल्या त्या गावात यजमानाने ‘घ्या’ म्हटल्याशिवाय पाहुणा चहाला हात लावत नाही, चहा संपल्याशिवाय कामाचं बोलत नाही आणि चहा न पिता उठतही नाही.

सुमिराबाईंचं काम त्याला ठाऊक होतं. त्यांच्या झाडाचं यंदाचं एकमेव फळ, एक काटेरी ड्युरियन, पहाटे कुंपणापलीकडे, त्याच्या अंगणात पडलं होतं. संध्याकाळी नवा जावई पहिल्यांदाच येणार, म्हणून त्यांनी ते राखलं होतं. आता ते वागिमानच्या स्वयंपाकघरात होतं, आणि ड्युरियनचा वास पिकल्या फणसालाही लाजवतो.

“कसला हो वास येतोय?” सुमिराबाईंनी विचारलं.

“बकरी आजारी आहे, बू,” वागिमान म्हणाला. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘बू’ म्हणतात.

कुंपणाजवळ बकरी उड्या मारत होती. दोघांनी तिच्याकडे बघून हळहळ व्यक्त केली.

दुपार झाली. चहात मुंगी पोहू लागली. सुमिराबाई भिंतीला टेकून निवांत बसल्या. आत वागिमानची बायको भुकेने कासावीस झाली. पाहुणीला सोडून जेवणार कशी? शेवटी ती तणतणत बाहेर आली आणि तिने ‘घ्या’ म्हणत ड्युरियनच्या गऱ्यांनी भरलेली बशी सुमिराबाईंपुढे ठेवली.

सुमिराबाईंनी एक गरा चाखला. “गोड आहे हो! कोणाच्या झाडाचं?”

वागिमानने घाईघाईने पेला पुढे सरकवला. “घ्या ना बू, चहा घ्या!”

“घेते की. बाकीचे गरे झाकून ठेवा. संध्याकाळी जावयाला इकडेच घेऊन येते.”