आप्पांचं खाकरणं

मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेला मनस्वीचा फोन उजळला आणि दिपेशचा चहाचा कप हातातच राहिला. ‘आईला सांगू नको. फोटो फक्त मला पाठव.’ पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसता एका बाइकचा फोटो होता.

“उघडा ना,” गीतांजली दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. “पिन ठाव हाय ना तुमाला?”

ठाऊक होता. लेकीच्या बोटांवर डोळा ठेवूनच त्याने तो मिळवला होता. त्याने दोन आकडे दाबलेसुद्धा, आणि कुठून कोण जाणे, त्याला आप्पांचं खाकरणं आठवलं.

तळवलीत याच जागेवर त्यांचं कौलारू घर होतं. दार दिवसभर सताड उघडं. कोंबड्या, मांजरं, शेजारची पोरं, कुणालाच मज्जाव नाही. पण त्याचे वडील, आप्पा, स्वतःच्याच घरात शिरताना आधी पडवीत थांबून मोठ्याने खाकरायचे. आत कुणी केस विंचरत असेल, कुणी रडतही असेल. सावरायला वेळ मिळायचा. लहानपणी दिपेशला त्याचं हसू यायचं. आज तो आवाज एकदा तरी ऐकू यावा म्हणून त्याचा जीव तुटला. घर पाडून सात मजले चढले, प्रत्येक दाराला लॅच आलं, आणि आप्पांबरोबर ते खाकरणंही गेलं.

त्याने फोनची स्क्रीन बंद केली आणि तो घेऊन मनस्वीच्या खोलीशी आला. दार अर्धवट उघडं होतं. तो बाहेरच थांबला आणि खाकरला. जमलं नाही, ठसका लागल्यासारखं झालं.

“बाबा? पाणी देऊ?”

“नको गं. फोनवर एक मेसेज आला, तेवढाच दिसला. आत काय उघडलं नाय. पिन ठाव हाय मला, तो बदलून टाक.” त्याने दारातूनच फोन पुढे धरला. “पन मला भीती वाटते, मने. दाखवशील?”

मनस्वीचा चेहरा उतरला. तिने येऊन फोन घेतला, छातीशी धरला, आणि परत पलंगावर जाऊन बसली. आता हिने नाही म्हटलं तर? दिपेश तिथेच उभा राहिला.

“आप्पा आजोबा असंच करायचे ना?” तिने हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली.

ती सरकली. पलंगावर त्याच्यापुरती जागा झाली.

“हा कधीच खाकरला नाय, बाबा,” त्या बाइकच्या फोटोवर बोट ठेवून फोन पुढे करत ती म्हणाली. “सरळ आत आला.”