उल्का येतेय

"सात वर्षांनी उल्का येतेय, साडेचारला, थेट आमच्या दारात!" सुहासिनीताईंनी शेजारणीला फोनवर सांगितलं आणि भाकरतुकडा तयार ठेवला.

पाचच मिनिटांत भोंगा वाजला. आकाशातून कोसळणाऱ्या दगडांची खबर लोकांच्या बोलण्यातूनही टिपणारं चौकातलं यंत्र ओरडू लागलं, "उल्का येत आहे! साडेचार वाजता! घरं सोडा!"

अख्खी कॉलनी पळत सुटली. सुहासिनीताईंना काही उमजेना. पोरीनं पळून जाऊन लग्न केलं खरं, पण म्हणून लोकांनी एवढं करावं?

साडेचारला रिक्षा थांबली. गल्ली ओस पडली होती आणि भोंगा उल्काच्या नावानं बोंब मारत होता.

"आई, सगळे पळाले?"

"मलाही कळेना बघ," भाकरतुकडा ओवाळत त्या म्हणाल्या, "पण तू येणार म्हटल्यावर मी कुठं जाऊ?"