नकाशा उघडला

घशाच्या ऑपरेशनात नागोरावांचा आवाज गेला. ते टाइप करायचे आणि हातातलं यंत्र बोलायचं. तेच बंद पडलं. कंपनीने हात वर केले. त्याच्या सर्किटचा नकाशा इंटरनेटवर सापडला, पण ती फाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नव्हती. वणीत मोबाइल दुरुस्त करणारी त्यांची सून दीपमाला फाइलमधले गिचमिड आकडे बोर्डावर छापलेल्या क्रमांकांशी ताडत बसली. “होऊन राह्यलं, बाबा,” ती म्हणायची. एका दुपारी कोडं सुटलं, तिने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये नकाशा उमटला, तुटलेली जोडणी सापडली. सोल्डर करताच नागोरावांनी टाइप केलं आणि यंत्र बोललं, “पोरी, आता जेव.” तिचे डोळे भरले. नकाशे उघडणारा आपला प्रोग्रॅम तिने सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला. पुढे एका अनोळखी मेकॅनिकचा निरोप आला, “तुमच्यामुळे आमच्या गावातली पोरगी यंत्रातून बोलली.” नागोरावांनी घाईघाईने टाइप केलं, “त्याले विचार, थे पयलं काय बोलली?”