चादरीच्या घड्या

“आणि घात शून्य असला तर?” आईनं विचारलं.

चादरीचं दुसरं टोक लेकीच्या हातात होतं. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. कॉलेज सुटलं की लेक यायची आणि घड्या घालता घालता आईचं दहावीचं गणित घ्यायची. चादर दुमडली, दोन पदर. पुन्हा दुमडली, चार. तिसऱ्यांदा, आठ.

“पाया दोन. जितक्या घड्या, तितका घातांक. लिही बघू.”

आईनं कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलं, ‘घातंक’.

“घातंक? तो काय आतंक आहे, एवढं भ्यायला?” लेकीनं हसत मधे एक काना ठोकला. “शून्याचं उद्या सांगते. आता पोटात कावळे ओरडतायत.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर तिला ट्रकनं उडवलं.

आता दुसरं टोक आई खिळ्याला अडकवते. कधी कधी चादर तिकडूनच ताणली जाते. मग तिकडे न बघता ती म्हणते, “ओढू नकोस गं, फाटेल.” दारावरचा तो काना ती कुणाला पुसू देत नाही. रात्रशाळेचे सर म्हणाले होते, “शून्य घात म्हणजे एक. नियमच आहे, पाठ करून टाका.” तिनं केला नाही. एकही घडी नाही, मग एक आला कुठून? आणि सांगायचं लेकीनं होतं, सरांनी नाही. उद्या गणिताचा पेपर. जायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“मावशी, एक चादर घेऊन वर येता का?” सिस्टर दारातून म्हणाली. “आज मी एकटीच आहे हो.”

वरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ नुकतेच गेले होते. आई पलंगाशी उभी राहिली आणि घडी मोडू लागली. सवयीनं ओठ हलत होते. आठाचे चार झाले. चाराचे दोन. मग शेवटची घडी उघडली.

तिचे हात थांबले.

“मावशी? टाका ना अंगावर.”

हातात पांढरी, सपाट चादर होती. एकपदरी. अशीच एक तिनं खाली शवागारात पाहिली होती, डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली.

“सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “उद्या मला सुट्टी हवी. पेपर आहे माझा.”

लेकीनं शब्द पाळला होता. दुसऱ्याच दिवशी उत्तर अंगावर पांघरून ती आईची वाट बघत पडली होती.