एक ते दहा

बायको गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही आणि पाचव्या दिवशी तो कामावर हजर झाला. "दगड आहे नुसता," असं मेहुणी चारचौघांत म्हणाली.

काम नेहमीचंच होतं. फोनवरून टॉवरकडे जाणारा आवाज वाटेत कुठे तुटतो, ते शोधायचं. व्हॅनवाला शहराबाहेर जाऊन फोनवरून ठरलेली क्लिप पाठवायचा, एक ते दहा आकड्यांची. इकडे हा हेडफोन लावून ती ऐकायचा आणि वहीत 'स्पष्ट' किंवा 'अस्पष्ट' लिहायचा. अस्पष्ट असली, तर व्हॅनवाल्याने तीच पुन्हा पाठवायची. ऑफिसात शांतता मिळेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याने ती क्लिप घरीच रेकॉर्ड केली होती. शेवटी चुकून आलेलं बोलणं कापायचं मात्र राहूनच गेलं होतं.

आज साहेब वही घेऊनच टेबलाशी आले. "नवीन अँटेना बसवल्यापासून मशीन शंभर टक्के दाखवतंय. महिनाभर तुमचं एकट्याचंच अस्पष्ट, अस्पष्ट! कान तरी तपासून घ्या एकदा."

"बघतो," म्हणत त्याने हेडफोन चढवला. व्हॅनवाल्याने आज चौथ्यांदा तीच क्लिप पाठवली.

"...आठ, नऊ, दहा. झालं का हो? या आता, चहा गार होतोय."



त्याने वही पुढे ओढली आणि लिहिलं, 'अस्पष्ट. पुन्हा पाठवा.'